काशी, व्हाया समृद्धी

मराठी माणूस आयुष्यात दोनदा काशीला निघतो. पहिल्यांदा आठव्या वर्षी, मुंजीत. नेमकं सांगायचं तर सोडमुंजीत. हातात दंड, खांद्याला झोळी अशा थाटात तो मांडवाच्या दारापर्यंत जातो. तिथे मामा त्याला अडवतो आणि 'काशीला नको जाऊस, माझी मुलगी देतो तुला' असं सांगून परत आणतो. पुढे ना मामा मुलगी देतो ना भाचा मागतो, पण काशी तेवढी पन्नासेक वर्षं लांबते. दुसऱ्यांदा तो निघतो निवृत्तीनंतर. तोवर मामा उरलेला नसतो आणि बाकी कुणाला अडवण्यात रस नसतो. मुलगा परदेशातून 'जाऊन याच बाबा' म्हणतो, सून हॉटेलं ठरवून टाकते आणि खालच्या मजल्यावरच्या काकू गंगाजलासाठी रिकामी बाटली आणून देतात.

आमच्या भावजींना कुणीतरी अडवायला हवं होतं. 'या वयात नाशिकहून काशीपर्यंत गाडीने?' असं कोणी विचारेल म्हणून त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं. आठवडाभरात कोणीच विचारलं नाही, तेव्हा स्वतःच विषय काढून त्यांनी ते उत्तर मला दिलं. उत्तर लांब होतं. ते संपेपर्यंत मी मागच्या सीटवर जायचं कबूल करून बसलो होतो.

निवृत्त जोडप्याला लांबच्या प्रवासात तिसरा माणूस का लागतो, हे मला सिन्नरच्या आत कळलं. भावजी सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झालेले, ताई शाळेत भूगोल शिकवायची. पस्तीस वर्षं दोघं एका घरात राहिली खरी, पण त्या घराला तीन खोल्या होत्या, दोन नोकऱ्या होत्या आणि एक गॅलरी होती. बोलणं वाढलं की एक जण गॅलरीत जायचा. गाडीला गॅलरी नसते. दिवसाचे नऊ तास शेजारी शेजारी, तेही पट्टा बांधून! मग बोलायचं ते मागच्या सीटमार्फत.

"विचार तुझ्या बहिणीला, पाण्याची बाटली कुठे ठेवलीय."

"सांग तुझ्या भावजींना, त्यांच्याच पायाशी आहे."

मी निरोप पोचवत होतो. माझ्या एका बाजूला दशम्यांचा डबा, दुसऱ्या बाजूला विजेची किटली, मांडीवर भाजणी, मेतकूट आणि चिवडा. काशीला अन्नपूर्णेचं देऊळ आहे ही गोष्ट ताईला ठाऊक होती, पण तिचा अन्नपूर्णेवर पूर्ण भरवसा नव्हता.

निघण्याआधी भावजींनी 'माझा प्रवास' पुन्हा वाचून काढलं होतं. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरात कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, असा हिशेब होता. हाती दक्षिणा यायच्या आत बंड सुरू झालं. भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड तेवढी घेऊन घरी पोचले. त्यांनी लिहिलेला वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापला. भावजींना या पुस्तकातलं सर्वांत जास्त काय भावलं असेल, तर भटजी पैसे मिळवायला निघाले होते हे. "आपण पेन्शन विकून मिळालेले पैसे घालवायला निघालोय," ते म्हणाले. "दीडशे वर्षांत मराठी माणसाची प्रगती झाली की नाही?"

"त्यांना टोल तरी नव्हता," मी म्हणालो.

"होता की. लुटारू रोखीने घ्यायचे. फास्टॅग नव्हता, एवढंच."

टोल हा भावजींचा प्रांत. 15 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक पास आला. तेव्हा तीन हजार रुपये, दोनशे नाके किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल ते. भावजींनी तो काढला आणि त्याच रात्री वहीत मांडणी केली. पास पुरता वसूल व्हायचा असेल, तर वर्षात अजून सहा-सात वेळा काशीला जाणं भाग होतं. ताईने ती वही मिटून कपाटात ठेवली. त्यात समृद्धी महामार्ग राज्याचा, तिथे हा पास चालत नाही. गोंदे इथे समृद्धीवर चढल्यापासून नागपूरला उतरेपर्यंत भावजी त्या एका मुद्द्यावर खिन्न होते.

समृद्धीबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, आणि तोच तिचा गुण आहे. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर. शिर्डी ते नागपूर हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये. गाडीला ताशी 120 ची परवानगी आहे. भावजींनी 80 ची घेतली. मागून येणारा प्रत्येक जण आम्हाला ओलांडून जात होता, आणि भावजी प्रत्येकाकडे पाहून "याचं टायर फुटणार" असं शांतपणे म्हणत होते. कोणाचंच फुटलं नाही. दुपारनंतर ताईने गाडी घेतली आणि भावजी शेजारच्या सीटवर आले. गाडी चालवताना माणसाचे दोन पाय गुंतलेले असतात. शेजारी बसल्यावर ते मोकळे होतात. ताईने न दाबलेले सगळे ब्रेक नागपूरपर्यंत भावजींनी दाबले.

नागपूरनंतर खरा काशीचा रस्ता लागतो. पूर्वीचा सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग वाराणसीला सुरू होऊन नागपूरवरून कन्याकुमारीला जायचा. नंतर सगळ्यांचे आकडे बदलले. आता त्याच वाटेवर आधी 44, मग 34, मग 30 आणि पुढे 135 अशी नावं लागतात. भावजी हे मानत नाहीत. त्यांच्या लेखी तो सातच होता आणि सातच आहे. मोबाईलमधली बाई एक आकडा सांगायची, भावजी दुसरा, आणि ताई मांडीवरचा शालेय नकाशासंग्रह उघडून दोघांनाही चूक ठरवायची.

पेंचच्या जंगलात रस्ता जागोजागी खांबांवर उचललेला आहे. खालून वाघ जातो, वरून गाड्या. काही ठिकाणी आवाज आणि दिव्यांचा झोत खाली जाऊ नये म्हणून कडेला भिंतीही आहेत. भावजी भारावून म्हणाले, "काय सोय आहे बघ. दोघंही एकाच ठिकाणी राहतात, पण गाठ पडत नाही. घरात असं काही करता आलं असतं..."

ताईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "त्यांना विचार, घरात वाघ कोण?"

हा निरोप मी पोचवला नाही.

जबलपूरच्या अलीकडे तिलवाऱ्याला नर्मदा लागली. पुलावरून नदीत नाणं टाकायचं असतं. पण पूर्वी टोलनाक्यासाठी गाडीत जी चिल्लर असायची ती फास्टॅगने संपवली होती, आणि चहाचे पैसे सगळे जण मोबाईलने देतात. आख्ख्या गाडीत एक रुपया सापडेना. भावजींनी खिशातली शंभराची नोट चाचपली आणि परत आत सरकवली. ताईने नर्मदेला नुसता नमस्कार केला आणि 'येताना देते' असं सांगितलं. पुढचा तासभर भावजी 'येणे बाकी, देणे बाकी' असं काहीसं पुटपुटत होते.

कटनीच्या वाटेवर स्लीमनाबाद नावाचं गाव आहे. ज्या स्लीमनने 1830 च्या दशकात ठगांचा बंदोबस्त केला, त्याच्या नावाचं. हे ठग यात्रेकरूंना वाटेत गाठायचे, गोड बोलून सोबत करायचे आणि ओळख पक्की झाली की रुमालाने गळा आवळायचे. ताईने ही माहिती दिली ती चहाच्या टपरीवर, आणि तीही अशा वेळी की भावजी एका अनोळखी गृहस्थाला आपलं रक्तातल्या साखरेचं प्रमाण सांगत होते. गृहस्थांनी प्रेमाने पेढा पुढे केला. ताईने रुमालाकडे पाहिलं. माणूस साधा होता, मैहरच्या शारदामातेच्या दर्शनाहून परतत होता. पण भावजींनी त्याला घरचा पत्ता देण्याआधी ताईने गाडी सुरू केली.

मैहर, रीवा, मऊगंज, हनुमना. मग ड्रमंडगंजचा घाट उतरून उत्तर प्रदेश. इथपर्यंत भावजी आणि ताई यांच्यात जो एक जुना वाद पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होता, तो वेळेचा. सकाळी सातला निघायचं ठरलं की भावजी साडेसातला तयार व्हायचे. हे आजचं नाही. लग्नातही मुहूर्तावर ते अर्धा तास उशिरा उभे राहिले होते, हे मी पाहिलेलं आहे. मिर्झापूर जवळ आलं तशी ताईने गाडी कडेला घ्यायला लावली. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावर मोजतात ते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्त मिर्झापूरजवळून जातं. आयुष्यभर फळ्यावर काढलेली रेघ तिला प्रत्यक्ष पाहायची होती. अर्थात रेघ कुठे दिसणार! समोर मोहरीचं शेत होतं आणि एक बकरी. तरी ताई दोन मिनिटं हात जोडल्यासारखी उभी राहिली. मग घड्याळ दाखवून मला म्हणाली, "इथे बारा वाजता खरे बारा असतात. आपलं नाशिक बरंच पश्चिमेला, तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे पस्तीस मिनिटं मागे."

भावजी गाडीतून उतरले. "पुन्हा सांग."

ताईने पुन्हा सांगितलं. एका अंशाला चार मिनिटं, नाशिक पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास, करा गुणाकार. भावजींनी केला. लेखाधिकाऱ्याला दोनदा करायची सवय असते, म्हणून दोनदा केला.

"म्हणजे पस्तीस वर्षं मी उशिरा नव्हतो," ते सावकाश म्हणाले. "मी नाशिकच्या वेळेवर होतो. तुम्ही सगळे मिर्झापूरच्या वेळेवर चालत होतात."

भूगोल शिकवल्याचा पश्चात्ताप झालेली शिक्षिका मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

काशीत गाडीचा काही उपयोग नसतो. एवढ्या लांबून जिने आम्हाला आणलं तिला बेनियाबागेच्या भुयारी पार्किंगमध्ये ठेवून आम्ही टोटोत बसलो. बॅटरीच्या रिक्षाला तिथे टोटो म्हणतात. रिक्षावाल्याने आधी सामान पाहिलं, मग भावजींचे पांढरे केस, मग ताईच्या गुडघ्याचा पट्टा. "बाबूजी, कितने दिन रहेंगे?"

"वैसा कुछ ठरवा नहीं," भावजी म्हणाले. "जितना दिन लगेगा उतना दिन."

तो एकदम गंभीर झाला आणि त्याने रिक्षा हळू केली. या गावात या वयाची माणसं सामान घेऊन आली आणि परतीची तारीख सांगत नसली, तर त्याचा एक ठरलेला अर्थ होतो. काशीत मरण आलं की मुक्ती. त्यासाठी येऊन राहणाऱ्यांकरिता मुक्ती भवन आहे. तिथेही साधारण पंधरा दिवसांची मुदत असते. तेवढ्यात जमलं नाही तर हलक्या शब्दांत जागा मोकळी करायला सांगतात. ताईने परिस्थिती ओळखली. ती पुढे वाकून म्हणाली, "भैया, हम वापस जाने वाले हैं. मावंदं है, डेढ सौ लोगों को बोला है." त्याला मावंदं कळलं नसावं, पण दीडशे माणसांना जेवायला बोलावलेली बाई मरायला आलेली नाही एवढं कळलं. रिक्षा पुन्हा वेगात निघाली.

काशीच्या घाटांवर मराठी प्रवाशाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. इतर प्रांतांतले लोक गंगा पाहतात. आपण सात-बारा तपासायला आल्यासारखे नावेत बसतो. नावाडी नावं घेत जातो आणि आपण माना डोलवतो. अहिल्याबाई घाट: आमच्या. भोसले घाट: आमच्या नागपूरकरांचा. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास बांधलं, शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी 1674 साली रायगडावर आले ते गागाभट्ट इथलेच आणि मुळात पैठणचे, एकनाथांनी आपलं भागवत पुरं केलं तेही इथे, 1573 मध्ये. ताई सांगत होती, नावाडी ऐकत होता. बघता बघता काशी निम्म्याहून अधिक आमच्या नावावर झाली होती.

मग शिंदे घाट आला. तोही आमचाच, बायजाबाईंनी 1830 च्या सुमारास बांधलेला. ज्यांच्या यज्ञाच्या आशेने गोडसे भटजी घरातून निघाले त्याच बायजाबाई. हा घाट स्वतःच्याच वजनाने खचून गंगेत बसला. शेजारी रत्नेश्वराचं देऊळ अजून कलून उभं आहे. नावेत शांतता पसरली. भावजींनी चष्मा पुसला आणि सरकारी सुरात विचारलं, "कंत्राटदार कोण होता?"

काशीची प्रशासनव्यवस्था मात्र भावजींना मनापासून पटली. इथला राजा विश्वनाथ, पण कोतवाल कालभैरव. आधी कोतवालाकडे वर्दी द्यायची, मग पुढचं. तिथल्या कोतवाली ठाण्यात मुख्य अधिकाऱ्याची खुर्ची कालभैरवासाठी सोडलेली असते आणि साहेब शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसतात, असं सांगतात. "म्हणजे सही कोणाची चालते?" एवढीच भावजींची शंका होती. विश्वनाथाच्या दर्शनाला मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे त्या एका सकाळी दोघांनी एकमेकांशी थेट बोलून पाहिलं. रांगेत माझ्या पुढे उभी राहून ती दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मध्येच ताई हसली. निरोप्या म्हणून माझी नोकरी धोक्यात आली आहे असं मला वाटलं. पण बाहेर कचोरी गलीत पोचल्यावर गाडी रुळावर आली. "सांग त्यांना, दोनच कचोऱ्या. साखर वाढलीय." "तिला सांग, जिलेबीबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते."

ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या बाजूला मराठी उपाध्यायांची जुनी घरं आहेत. गोत्र सांगितलं, मूळ गाव सांगितलं, आणि गुरुजींनी आतून एक लांबट वही आणली. पिवळी पानं, मोडी अक्षर. भावजींच्या पणजोबांचं नाव निघालं, खाली त्यांची सही. भावजींचा हात थरथरला. मी समजलो की भरून आलं. पण ते पान उलटून मागचा मजकूर पाहत होते. "खाडाखोड नाही," ते कौतुकाने म्हणाले. "चौतीस वर्षांत मी अशी वही पाहिली नाही."

गुरुजी मोडी वाचत गेले. पणजोबांनी गोदानाबद्दल सव्वा रुपया देण्याचा संकल्प केला होता. दिल्याची नोंद मात्र नव्हती.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत थकबाकी शोधलेल्या माणसाच्या घराण्यावर काशीत सव्वा रुपया थकलेला! भावजी घामाघूम झाले. गुरुजी म्हणत होते, अहो, सोडून द्या; पण भावजींनी मोबाईलवर चक्रवाढ व्याज मांडायला घेतलं. दर कोणता धरायचा यावर ताईने पोस्टाचा सुचवला, भावजींना भविष्य निर्वाह निधीचा योग्य वाटला. शेवटी मुद्दल सव्वा रुपया आणि व्याजापोटी पाचशे यावर तडजोड झाली. सुट्टा सव्वा रुपया अर्थातच कोणाकडे नव्हता. भावजींनी पावती मागितली. गुरुजींनी त्यांच्यासमोर वहीत लिहून घेतलं, आणि मग सहज विचारलं, "काय सोडणार?"

काशीला गेलं की एखादी वस्तू सोडायची असते. भावजींनी नाशिकलाच ठरवून ठेवलं होतं: शेपू.

"आवडते का?"

"मुळीच नाही."

"आवडती वस्तू सोडायची असते," गुरुजी म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याने हेच उत्तर ऐकलं असणार. कारली, दुधी, शेपू यांनी काशी भरून गेली असेल. भावजींनी बराच वेळ गंगेकडे पाहिलं आणि शेवटी जिलेबी सोडली. आवाज बारीक झाला होता. मग गुरुजी ताईकडे वळले. तिने डोळे मिटले, हात जोडले, मनातल्या मनात काहीतरी म्हटलं आणि उठली.

"काय सोडलंस?" भावजींनी थेट विचारलं; मला न विचारता.

"सांगायचं नसतं."

"मी सांगितलं की."

"तुम्हाला घाई असते. मिर्झापूरच्या वेळेवर."

परतीचा प्रवास भावजींनी चौकशीत घालवला. मिर्झापूरला त्यांनी चहा मागवला; ताई प्यायली. रीव्याला समोसे, तिने दोन खाल्ले. मैहरला पेढे घेतले, तेही चालले. त्यांनी मुद्दाम चुकीचं वळण घेऊन पाहिलं. तिने नेहमीसारखंच सुनावलं, म्हणजे तेही सोडलेलं नव्हतं. एकेक नाव वहीत लिहून पुढे काट मारत ते स्लीमनाबादपर्यंत आले. वहीत आता लिहायला काही उरलं नव्हतं. ताई टपरीवर नर्मदेसाठी नाणं मिळवायला गेली होती. भावजी मागे वळले आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, "तिने... म्हणजे तुला काय वाटतं? मला तर सोडलं नसेल ना?"

"छे हो भावजी," मी म्हणालो. "आवडती वस्तू सोडायची असते."

यावर खूश व्हायचं की काय, हे ठरवायला त्यांना पुढचा टोलनाका लागला.